नजरेआड व्हायचं नाही: मिशनरी दिवसांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी मॉर्मन मिशनरी म्हणून काढलेल्या दोन वर्षांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले आता तूच बस आणि उत्तरं दे. तर बसलोय. आधी एवढं सांगतो की 2016 ते 2018 मी इंग्लंडच्या उत्तर भागात होतो, मँचेस्टर मिशनमध्ये, त्यामुळे माझं बोलणं त्या काळाचं आणि त्या भागाचं आहे. नंतर बरेच नियम बदललेत, जिथे बदललेत तिथे सांगेन. आणि ‘मॉर्मन’ हा शब्द मी वापरतोय कारण तुम्ही सगळ्यांनी तोच वापरलाय. चर्चचं खरं नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, आणि 2018 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नावच वापरा असं सगळ्यांना सांगितलं होतं. मला ते पटतं, पण इथे तुमच्या शब्दानेच सुरुवात करतो.

प्रश्न: सकाळपासून रात्रीपर्यंत तुमचा दिवस नेमका कसा जायचा? नुसतं दारोदार फिरायचं का?

साडेसहाला उठायचं, म्हणजे साडेसहाला दोन्ही पाय जमिनीवर. अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ, नाश्ता, आठ ते नऊ एकट्याने वाचन, नऊ ते दहा सोबत्याबरोबर (मिशनरी कायम जोडीने राहतात, त्यातला दुसरा) वाचन आणि आज कोणाला काय सांगायचं याची तयारी, आणि दहाला बाहेर. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत घरी, उद्याचं प्लॅनिंग, साडेदहाला लाइट बंद. मी असतानाच, 2017 च्या सुरुवातीला, हे वेळापत्रक थोडं सैल केलं आणि प्लॅनिंग सकाळी करायची वगैरे मोकळीक मिळाली, पण सांगाडा तोच राहिला.

आमच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी असायची, बरोबर सहा आठवड्यांची, कारण दर सहा आठवड्यांनी ट्रान्स्फर यायची, म्हणजे सोबती बदलणार की गाव बदलणार की काहीच नाही ते कळायचं. त्या डायरीत तासातासाचं लिहायचं, आणि नुसतं एक नाही तर हा माणूस घरी नसला तर कुठे, तोही नसला तर कुठे, असं दोन-तीन पर्याय लिहून ठेवायचे, कारण लोक अपॉइंटमेंट देतात आणि नसतात. पहिल्या महिन्यात मला याचा फार राग यायचा. नंतर लक्षात आलं की त्यांचं एक घर आहे, पोरं आहेत, नोकरी आहे, आणि त्यांच्या दिवसात आम्ही दोघं म्हणजे अर्ध्या तासाची एक ओळ आहोत.

दारं वाजवणं हा भाग होता, पण सगळा दिवस तेच नाही. चर्चमधल्या लोकांना भेटायचो, आजारी असतील त्यांच्याकडे जायचो, आठवड्यातून काही तास कोणाचं तरी काम करायचो, बाग साफ कर, सामान हलव, भिंत रंगव. सोमवार आमचा पी-डे, म्हणजे तयारीचा दिवस, त्यात कपडे धुणं, बाजारहाट, केस कापणं, घरी ईमेल, आणि संध्याकाळी सहाला परत टाय. टीव्ही नाही, सिनेमा नाही, डेटिंग नाही, पोहणंसुद्धा नाही. चहा, कॉफी, दारू, तंबाखू तर चर्चच्या कोणालाच चालत नाही, ते मिशनपुरतं नाहीये. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपास.

प्रश्न: पगार मिळतो का? आणि कुठे जायचं ते तुम्ही ठरवता का?

पगार नाही, उलट आपणच भरायचे. अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी माझ्या वेळी महिन्याला 400 डॉलर होते, जुलै 2020 पासून 500 झाले. कुठेही पाठवलं तरी आकडा तोच, म्हणजे महागड्या शहरात गेलेल्याच्या घरच्यांवर जास्त भार येत नाही. ज्यांना झेपत नाही त्यांना चर्चमधून मदत होते. बरीच मुलं आधी एक-दोन वर्षं काम करून साठवतात, आणि ज्याने स्वतः साठवलेत त्याच्या वागण्यात ते दिसतं असं माझं मत आहे.

कुठे जायचं हे अजिबात आपल्या हातात नाही. फॉर्म भरायचा, वाट बघायची. आधी मोठा पांढरा लिफाफा घरी यायचा, आता ऑनलाइन येतं. त्यात देश, भाषा, ट्रेनिंग कधी सुरू, सगळं लिहिलेलं असतं. सगळ्यात मोठं ट्रेनिंग सेंटर युटाहमधल्या प्रोव्होला आहे, माझं मात्र इंग्लंडमध्येच चोर्लीला झालं, जेमतेम काही आठवडे, कारण मला नवी भाषा शिकायची नव्हती. ज्यांना शिकायची असते त्यांना जास्त दिवस ठेवतात.

प्रश्न: चोवीस तास एका अनोळखी मुलाबरोबर राहायचं, आणि तो निवडायचाही नाही! नाही पटलं तर काय करायचं? मला होस्टेलवर रूममेट सहन होत नाही म्हणून विचारतोय.

मित्रा, तुझा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून याला जास्त जागा घेतो. लोकांना वाटतं मिशनवर सगळ्यात अवघड म्हणजे तोंडावर दार आपटलं जाणं. ते दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं. अवघड असतो तो सोबती, आणि त्याला अवघड असतो आपण. नियम असा की सोबती कायम दिसला पाहिजे आणि त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, बाथरूम सोडून. एकाच खोलीत झोपायचं. रागावून जरा फेरी मारून येतो असं म्हणता येत नाही, कारण फेरी मारायला तोही बरोबर येणार ना!

माझा तिसरा सोबती पोर्तुगालचा होता. त्याचं इंग्लिश चांगलं होतं पण सावकाश, शब्द शोधून बोलायचा, आणि मी बोलायला फास्ट. दारात उभं राहिल्यावर तो सुरू करायचा, मध्येच एखादा शब्द अडायचा, आणि मी तो शब्द द्यायचो, मग पुढचं वाक्यही मीच बोलायचो, आणि मला मनापासून वाटायचं की मी त्याला मदत करतोय. संध्याकाळी तो गप्प असायचा, मला वाटायचं घरची आठवण येत असेल.

आठवड्यातून एकदा, आमच्यात शुक्रवारी, मोठं प्लॅनिंग असायचं आणि त्याच्या शेवटी एक गोष्ट करावीच लागायची, इन्व्हेंटरी म्हणायचो आम्ही तिला. समोरासमोर बसायचं, एकमेकांचं काय चांगलं चाललंय ते सांगायचं, आणि मग काय खटकतंय तेही सांगायचं. पहिले तीन शुक्रवार आम्ही दोघंही सगळं ठीक आहे म्हणून उठलो. चौथ्या शुक्रवारी त्याने खिशातली डायरी काढून टेबलावर उघडी ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. प्रत्येक दिवसाच्या कडेला पेन्सिलने बारीक उभ्या रेघा होत्या, पाच झाल्या की आडवी एक मारलेली. सोमवारी कमी, मंगळवारी अकरा, बुधवारी तेरा. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, ‘माझी वाक्यं. तू पूर्ण केलेली.’

तो चिडला नव्हता. चिडला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडून मोकळा झालो असतो. त्या रेघा बघून मला काही बोलताच येईना. मी सॉरी म्हटलं, आणि लगेच कारण द्यायला लागलो, की मला फक्त मदत करायची होती वगैरे, आणि त्याने हात वर केला, म्हणाला मला अजून बोलायचंय. म्हणजे तेव्हाही मी तेच केलं होतं.

मग आम्ही ठरवलं की त्याच्या हातात पुस्तक असतं ना, तो हात जोपर्यंत छातीशी आहे तोपर्यंत मी तोंड उघडायचं नाही, हात खाली आला की माझी पाळी. पुढच्या आठवड्यात एका दारात तो आम्ही का आलोय ते सांगत होता, आणि मध्ये अडकला, आणि ती शांतता मला इतकी लांब वाटली की माझे हात घामेजले. दारातला माणूस मात्र अगदी आरामात थांबला होता. उलट तो जरा पुढे झुकला. शब्द सापडला, वाक्य पूर्ण झालं, आणि त्या माणसाने आम्हाला गुरुवारी या म्हणून सांगितलं. इतके दिवस मला वाटत होतं की लोकांना घाई असते. घाई मला होती.

तर तुझ्या रूममेटबद्दल मी एवढंच सांगेन की आठवड्यातून एक वेळ पक्की ठरव, दोघं समोर बसा, आधी एक चांगली गोष्ट सांग आणि मग एक खटकणारी, आणि तो बोलत असताना स्वतःचा बचाव करू नकोस. पहिल्या दोन-तीन वेळा काहीच होणार नाही, तरी बसायचं सोडू नकोस. आणि हो, सगळ्यांशी पटतंच असं नाही. माझ्या अकरा सोबत्यांपैकी दोघांशी शेवटपर्यंत जमलं नाही, सहा आठवडे नीट वागून वेगळे झालो, त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही.

प्रश्न: स्पष्ट विचारतो, राग मानू नका. न बोलावता दुसऱ्याच्या दारात जाऊन आपला धर्म सांगणं तुम्हाला योग्य वाटतं का?

राग कशाला मानू काका, हा प्रश्न मी स्वतःला तिकडे पावसात उभा राहून कित्येकदा विचारलाय. माझं उत्तर असं आहे. आपल्याला जे मनापासून मोलाचं वाटतं ते दुसऱ्याला सांगावंसं वाटणं यात मला चूक दिसत नाही, आणि त्याने नको म्हटल्यावर मागे न होणं यात मात्र नक्की चूक आहे. मी काही वेळा मागे झालो नाही. सुरुवातीला, आकडे भरायच्या नादात, एका माणसाने दोनदा नको म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारलं, आणि त्याचा चेहरा मला अजून आठवतो, राग नव्हता त्यावर, थकवा होता. त्यानंतर मी पहिल्या ‘नको’ला थँक्यू म्हणून निघायला लागलो.

त्या भागात आमच्या चर्चचा इतिहास जुना आहे. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने चर्च सुरू केलं आणि 1837 मध्ये हीबर किंबॉल आणि त्याचे साथीदार मिशनरी लिव्हरपूलला उतरून प्रेस्टनला आले. तीस जुलैला रिबल नदीत नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला, आणि पहिला कोण यासाठी दोघं नदीपर्यंत चक्क पळत गेले, जॉर्ज वॉट नावाचा तरुण जिंकला. मी त्या नदीकाठी उभा राहिलोय. ते वाचून गेलेल्या मुलाला वाटतं आपणही गेलो की लोक पळत येतील. माझ्या दोन वर्षांत मी शिकवलेल्या तिघांनी बाप्तिस्मा घेतला. तिघंच, आणि ते तिघं माझ्या आयुष्यात अजून आहेत.

पण तुमच्या प्रश्नावरून मला आठवतात त्या एक आजी. नोव्हेंबरचा पाऊस, दुपारी चारलाच अंधार, आम्ही दार वाजवलं, आणि त्यांनी आमच्याकडे बघून आधी आत या म्हटलं. आम्हाला जाता येईना, कारण नियम असा की घरात एकटी बाई असेल तर बरोबर दुसरं कोणी मोठं माणूस असल्याशिवाय आत जायचं नाही. ते सांगितलं. बरं मग चहा घ्या दारातच, म्हणाल्या. चहा चालत नाही. कॉफी? नाही. त्या जरा विचारात पडल्या, आत गेल्या, आणि दोन मगांत गरम पाण्यात ब्लॅककरंटचं सिरप घालून घेऊन आल्या. आम्ही पायरीवर, त्या दाराच्या आत, त्यांनी दरवाजा अर्धवट लोटून घेतला होता म्हणजे घरात गारवा जाऊ नये, आणि त्या फटीतून त्या आमच्याशी वीस मिनिटं बोलल्या. मगावर हात धरल्यावर बोटं दुखायला लागली, इतकी गारठली होती. धर्माचं काही ऐकायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं आणि आम्ही ते पाळलं. पुढे दर पंधरा दिवसांनी आम्ही त्यांची कुंपणाची झाडं कापायला जायचो. त्या कधीच चर्चला आल्या नाहीत. मी ते अपयश धरत नाही, आणि अठरा वर्षांचा असताना धरलं असतं.

प्रश्न: तुमच्या चर्चबद्दल लोक बहुपत्नीत्व, वर्णभेद वगैरे विचारायचे का? काय सांगायचात?

विचारायचे, सारखे. बहुपत्नीत्वाचं सरळ आहे. एकोणिसाव्या शतकात ते होतं, 1890 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ते थांबवण्याचं जाहीर केलं, आणि आज कोणी केलं तर त्याला चर्चमधून काढतात.

दुसरं सरळ नाही. 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना आमच्या चर्चमध्ये प्रीस्टहूड मिळत नव्हतं, म्हणजे धर्मकार्याचा अधिकारच नव्हता, जो बाकी जवळपास प्रत्येक पुरुषाला आणि बारा वर्षांच्या मुलांनाही मिळायचा. जून 1978 मध्ये ते बदललं, आणि 2013 मध्ये चर्चने लेख काढून त्यामागे दिली जाणारी जुनी कारणं नाकारली. मँचेस्टरमध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थांनी बसस्टॉपवर मला याबद्दल विचारलं आणि मी पाठ केलेलं उत्तर दिलं, तारखा, अध्यक्षाचं नाव, सगळं. ते ऐकून घेऊन म्हणाले, तू मला तारीख सांगितलीस, माझी आई 1978 च्या आधी तुमच्या दारात आली असती तर तिला काय सांगितलं असतंस ते सांग. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसंच म्हटलं, की माझ्याकडे उत्तर नाही आणि मला याचं वाईट वाटतं. बस आली, ते गेले. तेव्हापासून कोणीही दुखऱ्या गोष्टीबद्दल विचारलं की मी इतिहास आधी सांगत नाही, आधी विचारतो की तुम्हाला यातलं काय लागलं. विश्वास सोडला का असं एका ताईंनी पत्रात विचारलंय, तर नाही, सोडला नाही. पण ती बाजू झाकून विश्वास ठेवणं मला जमत नाही.

प्रश्न: मुलीही जातात का?

जातात, आणि भरपूर. मुलांचे चोवीस महिने, मुलींचे अठरा. ऑक्टोबर 2012 मध्ये किमान वय मुलांचं 19 वरून 18 आणि मुलींचं 21 वरून 19 केलं, त्यानंतर मुलींची संख्या खूपच वाढली. त्यांना सिस्टर म्हणतात, आम्हाला एल्डर, पुढे आडनाव, पहिलं नाव कोणी घेतच नाही. निवृत्त जोडपीही जातात. माझ्या अनुभवात सिस्टर्स लोकांचं बोलणं आमच्यापेक्षा जास्त नीट ऐकून घ्यायच्या.

प्रश्न: आमच्या ओळखीतला एक मुलगा मिशनवरून पाच महिन्यांत परत आला. घरचे कोणाला सांगत नाहीत. आम्ही त्याच्याशी कसं बोलावं?

माझा एक सोबती असाच मध्येच घरी गेला. त्याला नैराश्य होतं, आणि मी त्याच्याबरोबर चोवीस तास असून मला ते उशिरा कळलं. तो सकाळी बुटाची लेस बांधायला बसायचा आणि तसाच बसून राहायचा, लेस हातात धरून, पाच-पाच, दहा-दहा मिनिटं. मला वाटायचं आळस. मी घड्याळ दाखवायचो. कायम नजरेसमोर ठेवायचं असा नियम पाळत होतो आणि समोरचं दिसत नव्हतं, हे मला फार लागलंय, अजून लागतं. शेवटी एका रात्री त्यानेच सांगितलं, आम्ही मिशन प्रेसिडेंटना, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या मिशनरींच्या प्रमुखांना, फोन केला, डॉक्टर झाले, आणि तो घरी गेला, आणि तेच बरोबर होतं.

त्या मुलाला ‘परत कधी जाणार’ हे विचारू नका. ‘काय झालं’ हेही पहिल्या भेटीत नको. तिथलं गाव कसं होतं, काय जेवायचास, सोबती कोण होता, हे विचारा, कारण पाच महिने तो तिथे होता, त्याने काम केलंय, आणि परत आल्यावर ते पाच महिने जणू झालेच नाहीत असं सगळे वागतात. घरी राहून करायचं सेवेचं मिशनही असतं, फूड बँक, दवाखाना अशा ठिकाणी, पण ते त्याला हवं असेल तर तो विचारेल. झोप, जेवण बिघडलेलं वाटलं तर मात्र थांबू नका, डॉक्टरांकडे न्यायला घरच्यांना मदत करा.

प्रश्न: माझा मुलगा पुढच्या महिन्यात निघतोय. दोन वर्षं! मी एक आई म्हणून काय करू?

ताई, पहिली चांगली गोष्ट ही की आता दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो, फेब्रुवारी 2019 पासून. माझ्या वेळी वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, बाकी सोमवारचा ईमेल. त्यामुळे तुम्हाला त्याचा आवाज ऐकू येणार. कॉलवर तो गप्प असेल तर घाबरू नका, थकलेला असतो. पण तीन-चार आठवडे सलग फार आनंदी, फार छान छान बोलत असेल तर जरा खोदून विचारा.

आणि कॉल असला तरी लिहा. उपदेश नको, तो दिवसभर ऐकतो आणि देतो. घरातलं लिहा, अगदी बारीक. माझ्या आईने एका सोमवारी लिहिलं की बाथरूमचा नळ गळतोय आणि बाबा म्हणतात मीच दुरुस्त करतो. पुढच्या सोमवारी, नळ दुरुस्त झाला. त्याच्या पुढच्या सोमवारी, परत गळतोय. हे सात आठवडे चाललं. माझा तो पोर्तुगीज सोबती ईमेल उघडायच्या आधी माझ्या खांद्यावरून वाकून विचारायचा, नळाचं काय झालं? आठव्या सोमवारी फोटो आला, नवा नळ, आणि शेजारी बाबांचा हात पाना धरलेला. आम्ही लायब्ररीत त्याची प्रिंट काढली आणि अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीला लावली, आणि माझी ट्रान्स्फर झाली तेव्हा तो म्हणाला, हा फोटो इथेच राहू दे.